मोहम्मद अली रोडच्या गल्लीतलं बोर्ड प्रिंटिंगचं दुकान: निदर्शनासाठी पाट्या करून घेतल्या त्याचा अनुभव

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहीत नाहीये. दुकान चालवणाऱ्या चाचांनीच नको म्हटलं. "काम आवडलं तर तोंडानं सांग बाय, नाव कशाला टाकतेस, उद्या कोण तरी दारात येऊन उभा राहायचा." त्यामुळे एवढंच सांगते की मिनारा मशिदीच्या मागच्या अंगाला एक अरुंद गल्ली आहे, तिथे पहिल्या मजल्यावर लाकडी जिना चढून जायचं, खाली अत्तराचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, सनबोर्ड म्हणजे फोमच्या हलक्या कडक पाट्या, फ्लेक्स, सगळं करतात. उर्दू आणि अरबी मजकूर असेल तर मुंबईत दुसरीकडे कुठे जाऊ नका असं मी आता कुणालाही सांगेन, आणि का ते सांगायला हे सगळं लिहितेय, थोडं लांबेल.

आम्ही दहा-बारा जण परळला महिन्यातून दोनदा भेटतो, काहीतरी वाचतो, बोलतो, चहा पितो, एवढंच. संस्था वगैरे नाही. मागच्या वर्षी आम्ही पॅलेस्टाईनमधल्या लोकांनी स्वतः लिहिलेलं वाचत होतो, त्यात औदा नावाच्या एका शिक्षकाचे लेख होते. वेस्ट बँकेच्या दक्षिणेला मसाफेर यट्टा भागात उम्म अल-खैर म्हणून बदूंची, म्हणजे मूळच्या भटक्या अरब पशुपालकांची, छोटी वस्ती आहे, १९४८ साली नेगेवच्या वाळवंटातून हाकलले गेलेले लोक, आणि त्यांच्या घरांना अगदी खेटून कार्मेल ही इस्रायली वसाहत. औदा तिथे इंग्रजी शिकवायचा, गावात बुलडोझर आला की फोन काढून शूट करायचा, प्लस ९७२ या ऑनलाइन नियतकालिकात लिहायचा. २०२५च्या मार्चमध्ये ज्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं त्या 'नो अदर लँड'च्या कामातही त्याची मदत होती. जूनमध्ये तो आणि त्याचा चुलतभाऊ अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले तर सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरूनच परत पाठवलं. आणि २८ जुलैला, सोमवारी, त्याला गावातच गोळी घातली. ३१ वर्षांचा होता, तीन लहान मुलं. त्या दिवशी त्यानं लोकांना मेसेज टाकला होता की सेटलर, म्हणजे त्या वसाहतवाले, आमच्या घरांमागे काम करतायत, पाण्याची मुख्य पाईप तोडायला बघतायत, ज्यांना काही करता येईल त्यांनी करा. नंतर बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेनं त्याच्याच फोनमधली क्लिप बाहेर आणली, गोळी लागली तेव्हाही तो शूट करत होता. ज्याच्यावर आरोप आहे तो सेटलर यिनोन लेवी स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली म्हणाला, त्याला आधी नजरकैद झाली आणि मग तीही उठली. आणि औदाचं प्रेत मात्र दहा दिवस दिलं नाही, गावातल्या बायकांनी अन्न सोडलं तेव्हा कुठे ७ ऑगस्टला माती मिळाली.

आम्ही त्याला कधी भेटलो नव्हतो. पण सहा महिने त्याचे शब्द मोठ्यानं वाचल्यावर तो ओळखीचा झाला होता, आणि नुसतं वाईट वाटून घेऊन पुढचं पुस्तक उघडणं कुणालाच जमेना.

मुंबईत निदर्शन म्हणजे आझाद मैदान, दुसरीकडे कुठे उभं राहता येत नाही, आणि गाझाच्या विषयावर तर आझाद मैदानही मिळत नव्हतं. माकपनं हायकोर्टात याचिका केली होती ती २५ जुलैला फेटाळली गेली, हजारो मैलांवरच्या प्रश्नापेक्षा इथला कचरा, प्रदूषण, पूर यावर बोला असं तेव्हा कोर्टात म्हटलं गेलं. मी राजापूर तालुक्यातली आहे. ६ फेब्रुवारी २०२३ला आमच्याकडे कोदवलीला पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली घातलं, रिफायनरीच्या जमिनींबद्दल ते लिहायचे, त्याच दिवशी सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला ते गेले. तेव्हा मुंबईत, दिल्लीत कितीतरी पत्रकारांनी निषेध केला ज्यांनी राजापूर नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल, आणि गावात त्याचा किती आधार वाटला ते मला माहितीये, माझी मावशी पेपरातला तो फोटो कापून ठेवून बसली होती की बघ दिल्लीतले लोक आपल्या माणसासाठी उभे आहेत. म्हणून लांबचं आणि जवळचं हा हिशोब मला पटत नाही.

मग १२ ऑगस्टला पोलिसांनी कोर्टात सांगितलं की २० तारखेला दुपारी ३ ते ६ आझाद मैदान देतो. आम्ही ठरवलं की वेगळा अर्ज-बिर्ज नको, त्यातच जायचं, पण आपल्या पाट्या घेऊन जायचं. पाट्यांचं काम त्याच्या आधीपासूनच माझ्याकडे होतं कारण मी फोर्टात नोकरीला आहे.

पहिल्यांदा जुलैच्या शेवटी, परवानगीचं काही ठरलेलं नसतानाच, मी दादरच्या एका दुकानात गेले होते, नेहमी ऑफिसची कामं तिथेच करते. त्यांनी मजकूर वाचला, पॅलेस्टाईन शब्द दिसल्यावर फाईल बंद केली आणि मॅडम हे आमच्याकडे नको म्हणाले. वाद घातला नाही, त्यांना भीती वाटत असेल तर मी काय बोलणार. दुसऱ्या एका ठिकाणी ऑनलाइन ऑर्डर टाकली, त्यांनी घेतली, सॅम्पल म्हणून एक बोर्ड पाठवला, तो बघून आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी छान झालाय म्हटलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर मराठी, मध्ये अरबीत नाव, खाली इंग्रजी. मलाही छानच वाटला होता.

तोच सॅम्पल बोर्ड घेऊन मी मोहम्मद अली रोडला गेले, का तर ऑनलाइनवाला २५ नगांना दहा दिवस मागत होता आणि ऑफिसमधल्या एका शिपाईकाकांनी सांगितलं की तिकडे दोन दिवसांत होतं. चाचा साधारण पासष्टीचे, दापोलीकडचे, घरात कोकणी बोलतात आणि माझ्याशी पहिल्या मिनिटापासून मराठीत. मी म्हटलं असेच २५ हवेत, किती घ्याल. त्यांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड अगदी डोळ्याजवळ नेला आणि भावाचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, "बाय, हे नाव तुटलंय."

मला कळेचना. मग त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेक अक्षर दाखवलं. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हे आपल्याला माहीत असतं, पण ती अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात आणि जोडताना त्यांचं रूप बदलतं. प्रत्येक डिझाईनचं सॉफ्टवेअर हे सांभाळतंच असं नाही, फाँट चुकीचा असला किंवा सेटिंग बरोबर नसलं की अक्षरं सुटी पडतात आणि वर उलट्या क्रमानं, म्हणजे डावीकडून उजवीकडे लागतात. आमच्या बोर्डावर नेमकं तेच झालं होतं. औदा लिहिताना ऐन आणि वाव जोडलेले हवेत, मग दाल सुटा, शेवटी गोल ते, तो पण सुटा. बोर्डावर गोल ते सगळ्यात आधी, ऐन सगळ्यात शेवटी एकटा. चाचा म्हणाले तुझं नाव कोणी मागून पुढे आणि काना-मात्रा सगळ्या सुट्या करून लिहिलं तर वाचता येईल का तुला, तसं झालंय हे. म्हणजे आम्ही त्या माणसाच्या नावाच्या जागी नुसती अक्षरांची रास छातीला लावून उभे राहणार होतो, आणि आमच्यातल्या एकालाही कळलं नसतं. मैदानात ज्यांना अरबी किंवा उर्दू वाचता येतं त्यांना मात्र पहिल्या नजरेत कळलं असतं. मला खरंच रडू आलं तिथे.

चाचांनी पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर बसले. माझ्या फोनवर औदाच्या गावातल्या लोकांनी टाकलेली पोस्ट उघडली, त्यात नाव जसं होतं तसं त्यांनी अक्षर अक्षर लावून पाहिलं. ते उर्दूसाठी इनपेज नावाचं सॉफ्टवेअर वापरतात पण म्हणाले उर्दूचा नस्तालीक फाँट इथे शोभायचा नाही, तो तिरका उतरत जातो, हा अरब माणूस आहे तर सरळ नस्ख लावू. दोन्ही लावून मला स्क्रीनवर दाखवलं, आणि ज्यातलं काही वाचता येत नाही त्यातला फरकही मला दिसला. मग आडनावावर गाडी अडली. इंग्रजीत एच ए टी एच लिहितात म्हणून आम्ही मराठीत 'हथालीन' केलं होतं. चाचा म्हणाले यात थ नाहीच, हा ज़ाल आहे, उर्दूत आम्ही ज म्हणू, पण अरब लोक जीभ दातात धरून म्हणतात, इंग्रजीतल्या 'द'सारखं. मग मराठीत 'हदालीन' जवळचं की 'हजालीन'? यावर मी, चाचा, त्यांचा मुलगा आणि पत्रिका घ्यायला आलेलं एक नवरदेवाकडचं माणूस, असे चौघं जण पंधरा मिनिटं बोललो. शेवटी मी ग्रुपला फोन करून 'औदा हदालीन' ठरवलं. या पंधरा मिनिटांचे त्यांनी काही पैसे लावले नाहीत, डिझाईनचेही नाही, आणि मागे बायका ताटकळत उभ्या होत्या त्यांना आत बसायला स्टूल दिलं, घाई केली नाही.

मराठी मजकूरसुद्धा त्यांनी वाचला बरं का. आम्ही लिहिलं होतं 'शिक्षक, पत्रकार, तीन मुलांचा बाप'. ते म्हणाले गावाचं नाव का नाही, गावासाठी मेला ना. खरंच राहून गेलं होतं. उम्म अल-खैर खालच्या ओळीत टाकलं.

१० ऑगस्टला, रविवारी रात्री, गाझा शहरात अल-शिफा हॉस्पिटलच्या दाराजवळच्या पत्रकारांच्या तंबूवर हल्ला झाला, अल जझीराचा अनस अल-शरीफ आणि त्याच्याबरोबरचे सहकारी मारले गेले. २८ वर्षांचा. इस्रायली लष्कर म्हणालं तो हमासचा होता, अल जझीरानं ते साफ नाकारलं, आणि त्याच्या जिवाला धोका आहे, त्याला वाचवा असं पत्रकारांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या सीपीजे या संघटनेनं जुलैतच म्हटलं होतं. त्यानं एप्रिलमध्येच निरोपाचा मजकूर लिहून ठेवला होता, तो त्याच्या माणसांनी नंतर टाकला. सोमवारी सकाळी लोकलमध्ये हे वाचलं आणि ऑफिसला न जाता मशीद बंदरला उतरून सरळ चाचांकडे गेले. तोवर २५ पैकी निम्मे बोर्ड झाले होते. मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "अजून नावं आली ना. बस." त्यांनीही बातमी बघितली होती. पंधरा बोर्ड वाढवले. तिथेही त्यांनी सांगितलं की लिहिताना अल-शरीफ पण म्हणताना अश-शरीफ, घोषणा देणार असाल तर नीट म्हणा.

काम कसं करतात ते मी उभं राहून पाहिलं. प्रिंट व्हिनाइलवर निघते, मग त्यावर मॅट लॅमिनेशन, मग सनबोर्डवर चिकटवतात. मुलगा एका हातानं मागचा कागद सोलत जातो आणि दुसऱ्या हातानं कापड गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी मधून कडेकडे ओढतो, हवा राहू नये म्हणून. पाटीवरच्या औदाच्या फोटोत डोळ्याजवळ एक बुडबुडा राहिला तर त्यानं ब्लेड न लावता सुईनं टोचला, अंगठ्यानं दाबला, आणि दिव्यासमोर तिरका धरून परत बघितला. त्या फोटोत औदा हसतोय. चाळीसच्या चाळीस बोर्ड त्यानं तसे दिव्यासमोर धरले.

चमकणारं लॅमिनेशन घेऊ नका असं चाचांनीच सांगितलं, उन्हात किंवा कॅमेऱ्याच्या प्रकाशात त्यावरचं काही वाचता येत नाही. काठ्याही लावू नका म्हणाले, गेटवर काढून घेतल्या तर बोर्ड धरणार कसा, त्यापेक्षा वर दोन भोकं पाडून धातूची रिंग बसवू आणि दोरीनं गळ्यात घाला, हात मोकळे राहतात. हे सगळं त्यांच्याकडे किती जण मोर्चांच्या पाट्या करायला येत असतील त्याच्या अनुभवातून आलेलं.

आता पाऊस. १८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत काय झालं ते इथल्या माणसांना सांगायला नको. १९ला शाळा-कॉलेजं बंद, सीएसएमटी ते ठाणे लोकल कितीतरी तास बंद, संध्याकाळी मोनोरेल अडकून माणसं काचा फोडून काढली. मी नेमकी १९ला संध्याकाळी बोर्ड आणायला जाणार होते आणि परळच्या बाहेर पडता येईना. फोन लावला तर लागेना. रात्री साडेनऊला त्यांचाच फोन आला की गल्लीत पाणी आहे, खाली अत्तरवाल्याच्या फळीपर्यंत आलंय, पण तुझा माल पोटमाळ्यावर चढवून ठेवलाय, उद्या तू इकडे येऊ नकोस, आम्ही मैदानावर पोचवतो. त्यांच्याकडे डिलिव्हरी नाही, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. तरी २०ला दुपारी दोनला मुलगा आणि एक कामगार हातगाडीवर चाळीस बोर्ड आणि फ्लेक्स घेऊन क्रॉफर्ड मार्केटवरून चालत आझाद मैदानाला आले. जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून सगळं गुंडाळलेलं, दोन-दोन बोर्डांमध्ये वर्तमानपत्र. हातगाडीचे पैसे द्यायला गेले तर मुलगा घेईना, मी जबरदस्तीनं दोनशे त्या कामगाराच्या खिशात घातले.

मैदानात चिखल होता, मध्येच सर येत होती, लोकांनी छत्र्या धरल्या होत्या. आमच्या बाजूला काही जणांनी हातानं लिहिलेले कार्डशीट आणले होते, ते पहिल्या सरीत ओघळले, स्केचपेनची शाई त्यांच्या शर्टांवर आली. आमच्या बोर्डांवरून पाणी निथळून जात होतं. तीन तासांत एकाही बोर्डाचं व्हिनाइल सुटलं नाही. एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, माझ्यासमोर येऊन थांबले आणि माझ्या गळ्यातल्या पाटीवरचं अरबी नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. "औदा अल-हदालीन." बरोब्बर वाचलं. मग इन्ना लिल्लाही, म्हणजे कुणी गेल्यावर मुसलमान म्हणतात ते वाक्य, म्हणाले आणि पुढच्या पाटीकडे गेले, तिथलं नाव वाचलं, मग पुढच्या. पूर्ण ओळ त्यांनी अशी वाचली. सॅम्पल बोर्डवरची ती सुटी अक्षरं घेऊन आम्ही तिथे उभे असतो तर, हा विचार मला अजून झोपेत येतो.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. दोरी फार पातळ नायलॉनची देतात, तासाभरानं मानेला काचते, आमच्यातल्या दोघींच्या मानेवर वळ उठले, तुम्ही स्वतःची सुती नाडी किंवा जुनी ओढणी फाडून घेऊन जा. निळा रंग स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा गडद येतो, प्रेसच्या जॅकेटचा निळा जवळजवळ काळा आला होता, रंग महत्त्वाचा असेल तर आधी हातभर प्रिंट काढून बघा, ते काढून देतात. इंग्रजी मजकुराकडे त्यांचं तेवढं लक्ष नसतं, एका बोर्डवर टीचर शब्दातलं एक अक्षर गळलं होतं, ते मला आदल्या आठवड्यातच दिसायला हवं होतं, कारण प्रूफवर सही माझीच होती, तरी त्यांनी तो एक बोर्ड परत करून दिला. फोन उचलत नाहीत, दुपारी तर अजिबात नाही. जिना फार अवघड आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना चढवेल असं वाटत नाही. आणि चार बोर्डांचे कोपरे वाहतुकीत दुमडले.

भाव: १८ बाय २४ इंचाचा ३ मिलिमीटर सनबोर्ड, व्हिनाइल प्रिंट आणि मॅट लॅमिनेशनसह ५५ रुपये चौरस फूट, म्हणजे एक बोर्ड १६५ला पडला. पहिले २५ ते ४,१२५, नंतरचे पंधरा २,४७५. ६ बाय ३चा फ्लेक्स १५ रुपयांनी २७०. एकूण ६,८७०, पावतीवर प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली. रिंगा, दोरी, डिझाईन यांचे वेगळे नाहीत. दादरला मला नुसत्या बोर्डाचा भाव चौरस फुटाला ऐंशीच्या वर सांगितला होता. अर्धे पैसे आधी, जीपे चालतं.

बोर्ड सगळे माझ्याकडे आहेत, पलंगाखाली, अजून एकाचाही रंग उडालेला नाही. परवा दिवाळीच्या ऑफिसच्या कार्डांसाठी परत गेले होते तर चाचांनी विचारलं त्या मुलांचं काय, तीन मुलं होती ना त्याला. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. फाईल त्यांनी ठेवलीये, डिलीट करू का विचारलं तर नको म्हणाले.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद असतं, रमझानमध्ये वेळ वेगळी. मशीद बंदर स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. अरबी किंवा उर्दू नाव असेल तर फोटो किंवा स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नका, टाईप केलेला मजकूर न्या, शक्यतो त्या माणसाच्या घरच्यांनी किंवा गावकऱ्यांनी लिहिलेला, आणि छापायला देण्याआधी चाचांना तो एकदा मोठ्यानं वाचायला सांगा.